गुडघ्याची पुढची पंधरा वर्षं

दिवाळी सरली की मुंबईत कबड्डीचा हंगाम रंगात येतो. लालबाग, परळ, प्रभादेवीच्या जुन्या गिरणगावात मंडळांच्या स्पर्धांच्या कमानी उभ्या राहतात, बांबूच्या गॅलऱ्या बांधल्या जातात आणि संध्याकाळी दिवे लागले की चाळींच्या गच्च्यांवरही माणसं दिसू लागतात. रायगड, रत्नागिरी, सांगली, कोल्हापूरच्या गावांत थोड्याफार फरकानं हेच चित्र असतं. पूर्वी माती चाळून, पाणी मारून, चोपून मैदान तयार व्हायचं. आता बऱ्याच ठिकाणी मॅट आली आहे. खेळ वेगवान झाला आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून गल्लीतल्या पोरालाही या खेळात नाव आणि पैसा दिसतो.

पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. चढाईला ३० सेकंद मिळतात. चढाईपटू बोनस रेषेवर पाऊल टाकतो आणि त्याच क्षणी कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेपावतो. चढाईपटूचं धड मध्यरेषेकडे वळलेलं असतं, पाऊल मात्र मागे पक्कं अडकलेलं. तेवढ्यात बाजूनं दुसरा रक्षक अंगावर येतो. वर धड एका दिशेला, खाली पाय दुसऱ्या दिशेला, आणि मधल्या पिळाचा सगळा भार गुडघ्यावर. आत ‘टक्’ असं काहीतरी होतं. गर्दीला ते ऐकू येत नाही, पण ज्याचा गुडघा असतो त्याला ते आयुष्यभर आठवतं.

मग बर्फ, स्प्रे, क्रेप बँडेज. ‘मुरगळलाय, दोन दिवसांत चालेल’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मैदानावर कुणी ना कुणी उच्चारतंच. रात्रीपर्यंत गुडघा टम्म फुगतो. गावाकडे कुणी तरी मालीश करणाऱ्याकडे नेतं. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, लंगडणं थांबतं, सरळ धावताही येतं. मात्र वळताना, जिना उतरताना, अंगावर येणाऱ्याला चुकवताना गुडघा अचानक दगा देतो. एमआरआय होईपर्यंत कित्येकदा अर्धा हंगाम उलटलेला असतो. अहवालात लिहिलेलं असतं, की एसीएल पूर्ण फाटलंय आणि सोबत गादीलाही चीर आहे.

या अंकासाठी खेळाडूंच्या शरीराचा विषय निघाला तेव्हा बहुतेक चर्चा इथपर्यंतच येऊन थांबत होती. दुखापत, ऑपरेशन, पुनरागमन. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते आणि ती सांगायला मैदानावर सहसा कुणी थांबलेलं नसतं.

आत काय बिघडतं

गुडघ्याच्या मधोमध दोन लिगामेंट एकमेकांना छेदून जातात. त्यांतलं पुढचं म्हणजे एसीएल. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि पाय वळवताना ते प्रमाणाबाहेर फिरू न देणं, हे त्याचं काम. ते सांध्याच्या आतल्या द्रवात असतं. त्यामुळे फाटल्यावर तिथे रक्ताची गुठळी धरून जखम भरून येणं अवघड जातं. हाताच्या हाडासारखं ते प्लास्टरमध्ये ठेवलं आणि जुळलं, असं बहुधा होत नाही.

पण अशा दुखापतीनंतर काही वर्षांनी गुडघ्यात जो संधिवात, म्हणजे सांध्याची झीज, उद्भवू शकतो, त्याचा उगम एकट्या लिगामेंटमध्ये नसतो. ज्या झटक्यानं ते तुटतं, त्याच झटक्यात मांडीचं हाड नडगीच्या हाडावर आदळतं. एमआरआयमध्ये हाडाच्या आत मुका मार लागलेला दिसतो. हाडांच्या टोकांवर दोन-चार मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, त्यालाही तो तडाखा बसतो. या थरात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणजे तो नीट भरून येत नाही आणि दुखत नसल्यामुळे आपल्याला काही झालंय हे सांगतही नाही. दुखापतीनंतर सांध्यात रक्त साचतं, दाह पेटतो आणि त्या दाहातली रसायनं कूर्चेची वीण सैल करत राहतात. वरची सूज उतरते, पण आतलं हे काम काही काळ चालूच असतं.

त्यात चालण्याची भर पडते. एसीएल गेल्यावर नडगीचं हाड प्रत्येक पावलाला किंचित वेगळ्या कोनात फिरतं. जो भाग आजवर वजन पेलत आला होता त्याच्या शेजारच्या, भाराची सवय नसलेल्या कूर्चेवर आता भार येऊ लागतो. बिजागरी एक सूत सरकलेलं दार लागतं खरं, पण रोज चौकटीला घासत राहतं, तसं हे होतं. दिवसाला काही हजार पावलं आणि अशी वर्षानुवर्षं.

आणि गादी. मांडी आणि नडगी यांच्यामध्ये दोन अर्धचंद्राकृती गाद्या असतात. त्या धक्का पचवतात, भार पसरवतात. एके काळी फाटलेली गादी सरळ काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदानं गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे पाहून दाखवलं, की सांध्यातली फट कमी होते आणि हाडांच्या कडा वाढू लागतात. आज जाणकार शल्यविशारद गादी शिवता येत असेल तर शिवतात, काढावीच लागली तर कमीत कमी काढतात. ऑपरेशनला निघालेल्या खेळाडूनं लिगामेंटबद्दल विचारण्याआधी गादीचं काय करणार, हे विचारायला हवं. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की नुसत्या एसीएलच्या दुखापतीनंतर गुडघ्याच्या झिजेची शक्यता सुमारे चौपट होते. गादीला इजा असेल तर ती सहापटीच्या आसपास जाते.

एकतीस वर्षांच्या फुटबॉलपटू

या विषयावरचा मन खिन्न करणारा एक अभ्यास स्वीडनमधला आहे. लुंड विद्यापीठाच्या स्टेफान लोमांडर आणि सहकाऱ्यांनी एसीएल फाटलेल्या महिला फुटबॉलपटूंना दुखापतीच्या १२ वर्षांनंतर गाठलं. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे एक्स-रे काढले, त्यांच्यातल्या ८२ टक्के जणींच्या दुखावलेल्या गुडघ्यात काही ना काही बदल दिसले. ५१ टक्के जणींच्या गुडघ्यात एक्स-रेच्या निकषांनुसार चक्क संधिवात होता. त्यांचं सरासरी वय होतं ३१.

एकतीस हे वय इथे थांबून पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे गुडघेदुखी म्हणजे साठीनंतरचं दुखणं, तेल लावून शेकायचं, जिना टाळायचा. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा सांधेबदल हा शब्द घराघरांत पोहोचला. पण त्यासोबत मनात ठसलं ते चित्रही वार्धक्याचंच होतं. एकतिसाव्या वर्षी मुलाला कडेवर घेऊन जिना चढताना थांबणारी बाई त्या चित्रात बसत नाही. म्हणून ती स्वतःही बराच काळ आपल्याला काय झालंय हे ओळखत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण हे आकडे वाचून धसका घेणंही बरोबर नाही. एक्स-रेमधले बदल आणि दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. खराब दिसणाऱ्या गुडघ्यावर काही जण आरामात डोंगर चढतात, तर बऱ्या दिसणाऱ्या गुडघ्यानं काही जण हैराण असतात. शिवाय, अशी दुखापत झालेल्या प्रत्येकाला संधिवात होतो असंही नाही. १० ते २० वर्षांत साधारण निम्म्यांना होतो, असं अशा अभ्यासांचा आढावा घेणारे संशोधक सांगतात. उरलेले निम्मे कशामुळे वाचतात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

ऑपरेशन काय देतं

आपल्याकडे ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’ या शब्दांना मोठा दिलासा चिकटलेला आहे. मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा वाटीखालचा कंडरा घेऊन, हाडांत बोगदे पाडून, नवं लिगामेंट बसवलं जातं. काम कुशल आहे आणि दगा देणाऱ्या गुडघ्याला ते स्थैर्य परत देतं. ज्याला पुन्हा चढाई करायची आहे, वळायचं आहे, उडी मारायची आहे, त्याला बहुतेक वेळा ते लागतंच. अस्थिर गुडघा घेऊन खेळत राहणं म्हणजे गादीला रोज नवी इजा करणं.

पण नवं लिगामेंट बसलं म्हणजे संधिवात टळला, असा जो समज खेळाडूंमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये पक्का आहे, त्याला पुरावा मिळत नाही. लुंडच्याच त्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या खेळाडूंच्या गुडघ्याच्या तक्रारींत लक्षणीय फरक दिसला नव्हता. पुढे स्वीडनमध्येच १२१ तरुणांवर चाचणी झाली. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं. दुसऱ्याला आधी फक्त व्यायामोपचार दिले आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. पाच वर्षांनी दोन्ही गटांची गुडघ्याविषयीची तक्रार सारखीच निघाली आणि झिजेतही ठळक फरक नव्हता. व्यायामोपचारांपासून सुरुवात करणाऱ्या ५९ जणांपैकी ३० जणांनी तोपर्यंत ऑपरेशन करून घेतलं होतं, बाकीच्यांना त्याची गरज पडली नव्हती.

याचा अर्थ ऑपरेशन टाळावं, असा काढू नये. अर्थ एवढाच की ते एका प्रश्नाचं उत्तर आहे आणि दुसरा प्रश्न त्यानंतरही तसाच शिल्लक राहतो. पहिल्या झटक्यात कूर्चेला बसलेला मार कुठलाही बोगदा पाडून परत फिरवता येत नाही. हे खेळाडूला टाके काढायच्या दिवशीच कुणीतरी नीट बसवून सांगितलं पाहिजे.

नऊ महिने आणि दोन जगं

मुंबईतल्या एखाद्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात सकाळी गेलं, तर बाकड्यांवर पक्षाघाताचे रुग्ण, खांदा जखडलेल्या गृहिणी आणि अपघातात पाय मोडलेले मोटारसायकलस्वार यांच्यात एखादा विशीतला खेळाडू दिसतो. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्यापेक्षा बारीक झालेला, हे पँटवरूनही कळतं. त्याला काय करायला लावतात, हे पाहिलं तर कंटाळवाणं वाटेल. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबायची. पाय सरळ उचलायचा. पायरीवर चढायचं, उतरायचं. आरशासमोर बैठक मारताना गुडघा आत झुकत नाही ना, हे पाहायचं. सगळा रोख मांडीच्या पुढच्या स्नायूंवर. दुखापतीनंतर मेंदू या स्नायूंना जाणारा इशाराच आवळून धरतो, त्यामुळे ते नुसत्या चालण्याफिरण्यानं परत भरत नाहीत. आणि तेच स्नायू पाऊल पडताना धक्का झेलतात. ते अशक्त राहिले, की तो धक्का कूर्चेवर जातो.

बसभाडं, कामावरची रजा, लांबलचक रांग. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पाय दुखेनासा होतो आणि विभागातली हजेरी थांबते. तेवढ्यात मंडळाचा कर्णधार घरी येतो. जिल्हा निवड चाचणी तोंडावर असते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका, कंपन्यांचे संघ हे सगळे त्या निवडीच्या पलीकडे उभे असतात. बावीस वर्षांच्या मुलाला ‘थांब’ असं सांगणं म्हणजे घराच्या उत्पन्नाला थांब सांगणं असतं. त्याच्या घाईला बेफिकिरी म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तरीही थांबण्याचा आकडा माहीत असायला हवा. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ खेळाडूंचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मैदानावर परतणं नवव्या महिन्यापर्यंत जसजसं लांबवलं, तसतसा प्रत्येक महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्म्यानं घटत गेला. नव्या लिगामेंटला हाडात रुजायला, बळकट व्हायला वेळ लागतो आणि दुखणं थांबणं हे त्या बळकटीचं माप नव्हे. पंचविशीच्या आतल्या, खेळाकडे परतलेल्या खेळाडूंमध्ये चारांतल्या जवळपास एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची नवी एसीएल दुखापत होते. दुसरी दुखापत म्हणजे दुसरा झटका, दुसरा दाह, गादीचा आणखी एक तुकडा. पुढच्या संधिवाताची वाट तिथे रुंद होते.

नामवंतांची उदाहरणं आपल्याला वेगळंच शिकवून जातात. क्रिकेटपटू ऋषभ पंत ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातातून वाचला. त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४ मध्ये तो आयपीएलमध्ये परतला. कुस्तीपटू विनेश फोगाटचा एक गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जायबंदी झाला. दुसऱ्याचं ऑपरेशन १७ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत झालं आणि ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये तिनं अंतिम फेरी गाठली. या दोघांची जिद्द डोळे दिपवणारी आहे. त्या जिद्दीमागे रोज सोबत असणारा फिजिओ, आहारतज्ज्ञ, सुसज्ज व्यायामशाळा आणि पगाराची चिंता नसलेले महिने होते. गल्लीतला चढाईपटू त्यांचं पुनरागमन मोबाइलवर पाहतो, त्यामागचे तास त्याला दिसत नाहीत.

पस्तिशीतला एक्स-रे

खेळ सुटतो साधारण तिशीच्या आसपास. नोकरी लागलेली असते, लग्न झालेलं असतं. रोजचा सराव थांबतो, पण खाण्याची सवय सरावाच्या काळातलीच राहते. वजन दहा-बारा किलोंनी वाढतं. गुडघ्याच्या दृष्टीनं हा काळ दुखापतीइतकाच निर्णायक आहे. गुडघेदुखी असलेल्या, वजन जास्त असलेल्या प्रौढांच्या चालण्याचं मोजमाप केलेल्या अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. याचा उलटा हिशेब कुणीही मनातल्या मनात करू शकेल.

पोलीस दलात असेल तर बंदोबस्ताला दहा-बारा तास उभं राहावं लागतं. शेतकरी असेल तर उकिडवं बसून खुरपणी. गावाकडच्या शौचालयात, पंगतीत, देवघरासमोर आपला गुडघा पूर्ण वाकतो, तेवढा तो खुर्चीवर वाढलेल्या स्वीडिश खेळाडूचा रोज वाकत नाही. म्हणून आपल्याकडे पहिली तक्रार बहुधा अशी असते, की मांडी घालून बसता येत नाही, बसलं तर उठताना हाताचा आधार लागतो, सकाळी गुडघा आखडलेला असतो. पेनकिलर चालू होते. पाच-सहा वर्षं अशीच जातात.

स्त्री खेळाडूंची कथा आणखी बिकट आहे. सारख्याच खेळात त्यांना एसीएलची दुखापत पुरुषांपेक्षा दोन-तीनपट अधिक होते. स्नायूंची ठेवण, उडीनंतर पाय टेकवण्याची पद्धत आणि त्यांना मिळणारं अपुरं बळकटीचं प्रशिक्षण, ही सगळी कारणं अभ्यासक सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली जिंकला. खो-खोत तर प्रत्येक सेकंदाला दिशा बदलते. त्या विजयानंतर शाळाशाळांतून मुली मैदानात उतरल्या असतील, तर त्यांच्या गुडघ्यांची काळजी घेणं हे त्यांना मैदानात बोलावणाऱ्यांचं कर्तव्य आहे. लग्नानंतर मुलीचा खेळ थांबतो, पण तिचा गुडघा सासरी पाणी भरतो, जिने चढतो, ओट्यापाशी तासन्‌तास उभा असतो. आणि तिथे तिच्या जुन्या दुखापतीची कुणाला माहितीही नसते.

चाळिशीत सांधेबदल करावा लागला तर? कृत्रिम सांध्यांच्या किमती केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये नियंत्रणाखाली आणल्या, तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. त्यामुळे सांधेबदल आवाक्यात आला. चांगला बसवलेला सांधा २५ वर्षं टिकण्याची शक्यता आठ-दशांशांच्या वर आहे. पण साठीत बसवलेला सांधा बहुधा माणसाला पुरतो, चाळिशीतल्या माणसाला मात्र तो दुसऱ्यांदा बदलावा लागण्याचा धोका मोठा. म्हणून डॉक्टर तो निर्णय जमेल तितका पुढे ढकलतात. मधल्या काळात उपाय एकच नेमानं करावा लागतो आणि तो म्हणजे व्यायाम. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघ्याच्या आणि खुब्याच्या रुग्णांसाठी एक साधा कार्यक्रम चालतो. माहितीची दोन सत्रं आणि देखरेखीखालचे व्यायामाचे बारा वर्ग. यंत्रं फारशी नाहीत, औषध नाही. दुखणं कमी होतं, पेनकिलर कमी होतात. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या व्यायामशाळेत हे करता येण्यासारखं आहे.

मंडळांच्या हातात

सर्वांत स्वस्त उपाय दुखापतीआधीचा आहे. उडी मारून गुडघे वाकवत हलकं उतरणं, एका पायावर तोल धरणं, मांडीचे मागचे स्नायू बळकट करणं, धावताना दिशा बदलण्याचं तंत्र. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. जगभरच्या चाचण्यांचा आढावा सांगतो की अशा कार्यक्रमांनी एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. फुटबॉलमध्ये फिफानं असाच एक संच तयार करून जगभर वाटला. कबड्डी आणि खो-खोसाठी तो जुळवून घेणं प्रशिक्षकांना अजिबात कठीण नाही. सध्या बहुतेक ठिकाणी मैदानाला दोन फेऱ्या, थोडे हातपाय हलवणं आणि लगेच पकडी, असा सराव सुरू होतो. पंधरा मिनिटं देणं परवडत नाही, असं म्हणणाऱ्यानं एकदा फिजिओथेरपी विभागाच्या बाकड्यावर सकाळ घालवावी.

नॉर्वेनं २००४ मध्ये लिगामेंटच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, पुढच्या वर्षी डेन्मार्क आणि स्वीडननं. कोणत्या वयाच्या, कोणत्या खेळातल्या, कोणत्या पद्धतीनं ऑपरेशन झालेल्या खेळाडूचं पुढे काय झालं, हे त्यांना सांगता येतं, कारण त्यांनी ते लिहून ठेवलं. आपल्याकडे मंडळाच्या वहीत वर्गणी लिहिलेली असते, बक्षिसं लिहिलेली असतात, स्पर्धेचा हिशेब पैशापैशापर्यंत असतो. त्याच वहीत एक पान जखमी खेळाडूंचं असायला हरकत काय? नाव, तारीख, कोणता गुडघा, ऑपरेशन झालं का, गादीचं काय केलं, किती महिन्यांनी परतला, आज कसा आहे.

येत्या हंगामात जी मंडळं स्पर्धा भरवणार आहेत, त्यांच्या पदाधिकाऱ्यांना आणि जिल्हा संघटनांना ही कळकळीची विनंती आहे. हे पान उघडा. मॅट अंथरण्याआधी सरावाची ती पंधरा मिनिटं सक्तीची करा. ऑपरेशन झालेल्या मुलाला नवव्या महिन्याआधी आणि दोन्ही पायांची ताकद मोजून घेतल्याशिवाय संघात घेऊ नका, चाचणी कितीही जवळ असली तरी. आणि पाच-दहा वर्षांपूर्वी ज्यांनी तुम्हाला चषक मिळवून दिले, त्या खेळाडूंना एकदा फोन करून त्यांचा गुडघा कसा आहे, एवढं विचारा.